जुनी पिकअप घरी खोलताना झालेले घोटाळे

वसमतकर

मागच्या हंगामात हळद मोंढ्यावर न्यायला एक जुनी पिकअप घेतली. डिझेल गाडी, साधा पंप-नोझल, सेन्सरची भानगड नाही. बिघडली तर आपलं आपल्याला खोलता येईल, एवढाच विचार. खोलता येतं, यात वाद नाही. पण जे खोललं त्यात निम्म्या वेळा दोष नव्हताच, हे खिसा हलका झाल्यावर कळलं. तुमच्याकडचे असले किस्से इथं टाका, कुणाचे तरी पैसे वाचतील.

सुरुवात माझ्यापासून. सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता खट् करून गप्प. कधी अर्धा फेरा मारून बसायचा. बॅटरी बदलली. काही दिवस ठीक, मग पुन्हा खट्. सेल्फ उतरवला, कार्बन-बूश नवे टाकले, आर्मेचर तपासून आणलं. बसवल्यावर झकास, आणि परत तेच. इग्निशन स्विचवर संशय घेऊन झाला. शेवटी भावाला सेल्फ मारायला लावला आणि मी बॉनेट उघडून उभा राहिलो. हात सहज अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर गेला आणि चटका बसला. इंजिन अजून सुरूही झालेलं नाही, सायलेन्सर थंडगार, आणि केबल तापलेली! वरचं प्लास्टिक एका जागी मऊ पडून चकाकत होतं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबानं चेसीपासून तुटलेलंच. दोघांना जोडायला विणलेल्या तांब्याच्या तारेची अर्थपट्टी असते. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या बाजूला, चिखल आणि ऑइलच्या थराखाली. वरून अख्खी दिसत होती. बोल्ट काढला तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या चकतीच्या) खाली हिरवी पावडर, आणि तारा बोटात धरल्या तशा तुटून आल्या. सेल्फला लागणारा करंट परतीची दुसरी वाट म्हणून त्या केबलमधून जायला लागला होता. पट्टी नवी टाकली, चेसीवरचा रंग पॉलिशपेपरनं उडवून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. आता गाडी एका सेल्फला उठते. जुनी बॅटरी मी बदल्यात देऊन बसलो, ती बहुतेक चांगलीच होती.

शिल्पनिदेशक

वसमतकर, हे फार जणांचं होतं. मल्टिमीटर ओहमवर लावून ही पट्टी तपासायला जाऊ नका, तो शून्यच दाखवणार. सेल्फ २०० अ‍ॅम्पियरच्या आसपास करंट ओढतो. वाटेत ०.०१ ओहम एवढा जरी रोध आला तरी २ व्होल्ट तिथंच जातात, आणि १२ मधले २ गेले की सेल्फ कण्हायला लागतो. एवढा बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर रंग नसलेल्या जागी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं की अर्थ खराब. मग एक एक जोड ओलांडत मीटरचं टोक पुढं सरकवा, कुठल्या जोडावर व्होल्ट खातंय ते कळतं. मीटर नसेल तर जंप-स्टार्टची एक वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट ब्लॉकला लावून सेल्फ मारा. गाडी खणखणीत उठली तर सेल्फ खोलायचं कारण नाही.

बीडचा_डायवर

माझं वायलंच. मोसंबी भराया गेल्तो. पाऊस उघडून दोन-तीन दिस झाले व्हते, वरून रान वाळून पापडी धरलेली. मागचं चाक बसलं. हायड्रॉलिक जॅक लावला, गाडी मस्त उचलली, नट काढले, चाक बाजूला केलं. स्टेपनी आणाया वळलो तर मागून फस्स! जॅक काळ्या मातीत गेला की हो बुडासकट. ड्रम चिखलात, वर मोसंबीचे कॅरेट वाकडे. आता ड्रमखाली जॅक घालाया जागाच नाही. मग खोऱ्यानं उकरायचं, पुन्हा जॅक, पुन्हा खाली. शेवटी ट्रॅक्टरवाल्याला हात जोडले.

तवापासून हौद्यात सागवानी फळी कायम. चांगली रुंद, दोन इंच जाड. विटा अन् शहाबादी फरशी ठेवू नका जॅकखाली, वजन एका कडेला आलं की तडकतात. आमच्या तिकडं एकानं विटांच्या चळतीवर गाडी ठेवून खाली झोपून काम केलं, नशिबानं वाचला.

गोदाकाठ

आमची दुधाची गाडी आहे, गंगाखेडकडची. गाडी माझ्या नावावर, रोजचा हिशेबही माझ्याकडे, त्यामुळे बिल बघून डोकं कुणाचं फिरतं ते सांगायला नको.

ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून गॅरेजमधल्या पोरानं समोर होता त्या डब्यातलं तेल ओतलं. ते हायड्रॉलिकचं तेल होतं. आठवडाभर काही जाणवलं नाही, उलट पेडल जरा कडक लागतंय म्हणून ड्रायव्हर खूश. मग एका सकाळी गाडी पुढं जाईना. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता, चारी ड्रम हात लावू नये इतके तापलेले. ब्रेकचे लायनर चिकटले म्हणून आधी चाकं खोलली. लायनर ठीक. मास्टर सिलिंडर उघडल्यावर कळलं, आतले रबरी कप फुगून दीडपट झाले होते, बोटानं काढताना लिबलिबीत.

मास्टरचं किट, चारी चाकांचे कप, रबरी होसपाइप सगळं नवं टाकावं लागलं. लोखंडी नळ्या तेवढ्या धुऊन घेतल्या. माझा प्रश्न, त्या नळ्यांत थोडं जुनं तेल राहिलं असेल तर पुन्हा हेच होईल का? आणि डब्यात काय ओतलंय हे आधीच ओळखायची काही सोय आहे का?

शिल्पनिदेशक

नळ्यांतून नवं ब्रेक ऑइल दाबून, चारी चाकांच्या निपलमधून स्वच्छ येईपर्यंत काढलं असेल तर काळजी नको. डिझेलनं किंवा रॉकेलनं मात्र त्या नळ्या धुवायच्या नाहीत, रबराला तेही चालत नाही.

ओळखायची सोय सोपी आहे. पारदर्शक ग्लासात पाणी घ्या, डब्यातले चार थेंब टाका. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर बनलेलं असतं, ते पाण्यात मिसळतं. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक, पॉवर स्टिअरिंग यांतलं काही असेल तर वर तवंग तरंगतो. ब्रेक ऑइलच्या टोपणावर कोणतं डॉट ते लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय ड्रायव्हरला लावा.

पाण्यात मिसळतं, हाच त्याचा तोटाही. हवेतली ओल ते ओढत राहतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशाला उकळतं, ओल मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो असं मानकातच धरलंय. भरलेली गाडी घेऊन मांजरसुंब्याचा घाट ब्रेक दाबतच उतरलात तर जुन्या तेलात वाफ धरते आणि पेडल सरळ जमिनीला. वर्ष-दोन वर्षांनी तेल बदलायचं ते यासाठी. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे बीडच्या मंडळींना मी काय सांगावं.

बीडचा_डायवर

सांगा की सर, नवी पोरं न्यूट्रलमधी उतरायलेत, डिझेल वाचवायलेत म्हणे.

गोदाकाठ

ग्लासाचा प्रयोग आजच केला. मिसळलं, तवंग नाही. आभार. फिटनेसची तारीख जवळ आलीय. आठ वर्षांवरची गाडी, दरवर्षी जायचं असतं, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मी आता कुणाचंच ऐकत नाही.

एमएच-२१

जालन्याचा माणूस, लोखंडाच्या गावचा, म्हणून वेल्डिंगचा किस्सा माझाच असणार. हौद्याचा पत्रा गंजून चाळण झाला होता. पत्रा आणला, ओळखीच्या वेल्डरकडं गाडी लावली. काम एक नंबर झालं. गाडी घेऊन निघालो तर डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा. घरी पोचेपर्यंत लाइट मंद.

अल्टरनेटरचे डायोड उडाले होते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस काढायची असते आणि अल्टरनेटरची वायर सोडवून ठेवायची असते, हे वेल्डरला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. नंतर इलेक्ट्रिशियननं आणखी एक गोष्ट सांगितली. वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प जिथं टाका मारायचा त्याच्या शेजारी लावायचा. त्यानं तो पुढच्या बंपरला लावला होता आणि टाके मागं मारत होता. करंट मधल्या सगळ्या सांगाड्यातून फिरतो, आणि चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात. ते बेअरिंग आज ना उद्या गुरगुरणार.

हौद्याखालून वायरिंगची दोरी आणि डिझेलच्या नळ्या जातात, हे वेगळं. ग्राइंडर चालवायच्या आधी खाली वाकून बघा, ओलं पोतं टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा.

नोझलवाला

नांदेडला पंप-नोझलचं काम करतो. धागा वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडं येणाऱ्या पंपांत बरेच पंप चांगले असतात. गिऱ्हाईक म्हणतो गाडी पिकअप घेत नाही, धक्के मारते, पंप करून द्या. मी आधी विचारतो, टाकीत डिझेल किती असताना धक्के मारते? पावपर्यंत आली की, असं उत्तर आलं तर पंप परत गाडीत बसवायला सांगतो. टाकीत जी उभी नळी डिझेल ओढते तिला मधेच कुठंतरी चीर गेलेली असते. डिझेल त्या चिरेच्या वर आहे तोवर सगळं ठीक. पातळी चिरेखाली उतरली की नळी डिझेलसोबत हवा ओढते. टाकी फुल केली की रोग गायब, म्हणून मिस्त्रीलाही सापडत नाही.

हवा येते का ते बघायचं असेल तर फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा. इंजिन रेस करून बघा, बुडबुडे पळताना दिसले की मागं कुठंतरी गळती आहे. बाहेर थेंबही पडत नाही, कारण तिथं दाब नसतो, ओढ असते. रबरी नळीचे जुने तुकडे आणि घट्ट न बसलेल्या क्लिपा, निम्मं काम तिथंच निघतं.

डिझेल संपून हवा धरली असेल तर सेल्फ मारत बसू नका, सेल्फ जळेल. आधी हातपंप मारा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फेस जाऊन नुसतं डिझेल येऊ लागलं की आवळा. मग नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की एक एक आवळत जा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. नोझल बाहेर काढून फवारा बघायला बोट पुढं करू नका. जुन्या नोझलचाही दाब दोनशे बारच्या घरात असतो. फवारा कातडीतून आत जातो, वर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही लगेच. आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट कापायची वेळ येते. असं झालं तर हळद-बिळद लावत बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात.

वसमतकर

हळदीचं वाक्य मला लागलं, पण मान्य.

पुढचा घोटाळा, आणि यावर मला मतं हवीत. उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. मोंढ्यावर भेटलेल्या प्रत्येकानं एकच सांगितलं, थर्मोस्टॅट काढून फेक, आपल्या भागात त्याचं काम नाही. काढला. थोडे दिवस काटा खाली राहिला. मग चढाला पुन्हा वर, आणि सकाळी इंजिन गरम व्हायलाच वेळ, धूरही जास्त.

बीडचा_डायवर

काढाच. आमच्या सगळ्या गाड्यांतून काढलाय. ४४ डिग्रीत गाडी गरम कराया थर्मोस्टॅट कशाला पायजे?

शिल्पनिदेशक

इथं मी तुमच्याशी सहमत नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीनं बायपासची वाट बंद करतो. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं. चढाला, भरलेल्या गाडीत, जिथं सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, नेमकं तिथंच कमी पडतं. आणि सपाटीला, रिकामी असताना, इंजिन हवं तेवढं गरम होत नाही. थंड डिझेल इंजिन धूर काढतं आणि सिलिंडरचा बोअर लवकर झिजवतं.

तपासायची पद्धत अशी. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, समजा ८२. पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्यानं टांगून सोडा, सोबत थर्मामीटर. पाणी तापवत जा, त्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि उकळायच्या आत पूर्ण उघडली पाहिजे. उघडत नसेल तर नवा टाका. महाग वस्तू नाही.

गाडी तापायचं मूळ आपल्याकडं बहुतेकदा बोअरवेलचं पाणी असतं. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, रेडिएटर वरून चकाचक आणि आतून अर्धा बंद. इंजिन चालून गरम झाल्यावर बंद करा आणि रेडिएटरच्या मागून, पंख्याच्या बाजूनं, हात जवळ नेऊन बघा. एखादा पट्टा थंड लागला की तिथल्या नळ्या चोंदल्यात. पंख्याला हात लांब ठेवून, अर्थात.

बीडचा_डायवर

सर, तुमचं बराबर आसंल, पण माझी गाडी काढून पाच उन्हाळे चालली. मी काय आता घालत नसतो.

एमएच-२१

पाच उन्हाळे चालली कारण तुझं रेडिएटर नवं होतं, तूच मागं सांगितलंस.

बीडचा_डायवर

ते बी हाये म्हणा. बरं, दुसरं सांगतो. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) वाजायला म्हणून रस्त्याच्या कडंलाच बदलला. बसवल्यावर पन्नासच्या वर गेलं की हौदा धडधड, आरसा दिसंना. चाकं बॅलन्स केली, इंजिनाचे माउंटिंग बदलले, सेंटर बेअरिंग बदललं. काई फरक नाही. म्हातारा मिस्त्री होता आंबेजोगाईला, त्यानं गाडीखाली नुसतं डोकावून बघितलं अन् म्हणला, शाफ्ट सोडताना खूण केलती का? स्लाइडिंगचे दात एक-दोन घर फिरून बसलेले. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत पायजेत. काढला, फिरवून घातला, धडधड बंद. त्यानं चहाचे पैसे बी घेतले नाहीत, लाज मातर पुरी काढली.

वसमतकर

थर्मोस्टॅट नवा टाकला, रेडिएटर खोलून रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून साफ करून) आणलं. काटा जागेवर आला. पण आता खरं दुखणं दिसायला लागलंय. पाणी रोज थोडं कमी होतं, बाहेर कुठं थेंब नाही. सकाळी थंड इंजिनवर ढक्कन काढून गाडी सुरू केली की रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पॅकिंग) गेली म्हणायची का? येत्या रविवारी हेड काढायचा विचार आहे.

गोदाकाठ

थांबा, आधी ढक्कन बदलून बघितलात का? आमच्या गाडीत पाणी कमी व्हायचं ते ढक्कनाची रबर वॉशर गेल्यामुळं. दाब धरत नव्हता, पाणी उकळून जात होतं.

शिल्पनिदेशक

विचारलंत ते बरं केलं. ०.९ बारचा ढक्कन नीट दाब धरत असेल तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, ढक्कन गेला की शंभरालाच. पण थंड इंजिनवर सुरू करताच सतत बुडबुडे, हे ढक्कनाचं लक्षण नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून गळतंय का तेवढं बघा. आणखी एक, थंड गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांत वरचा होसपाइप दगडासारखा कडक झाला तर ते पाण्याच्या वाफेनं नाही, सिलिंडरमधल्या हवेनं झालं.

वसमतकर

ढक्कन नवा. पंप कोरडा. होसपाइप लगेच कडक होतो. म्हणजे हेड काढणं आलंच. काय सांभाळू ते सांगा.

शिल्पनिदेशक

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सैल करा, बाहेरून आत, थोडे थोडे. आवळताना उलट, मधून बाहेर, आणि पुस्तकातल्या आकड्यानं टप्प्याटप्प्यानं. काही इंजिनांचे हेडबोल्ट ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात, ते आधी विचारून घ्या. हेडवर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) घालून बघा. वाकलं असेल तर नवी पॅकिंग टाकूनही पुन्हा जाईल.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट, ब्लॉकमधली बोल्टची भोकं. ती बहुतेक तळाला बंद असतात. हेड काढताना त्यांत पाणी किंवा ऑइल उतरतं. तसाच बोल्ट आवळला तर तेल दबत नाही, जायला वाट नाही, आणि ब्लॉक तडकतो. आमच्याकडं सरावाच्या इंजिनवर हे घडलेलं मी पाहिलंय, आवाज आला आणि ते इंजिन भंगारात गेलं. प्रत्येक भोक हवेनं फुंकून, कापडाची वळी घालून कोरडं करा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा.

नोझलवाला

नोझल काढणारच आहात तर खालच्या तांब्याच्या वॉशर नव्या घाला, जुन्या उलट्या करून घालायचा मोह आवरा. आणि पॅकिंग आणताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. बऱ्याच डिझेल इंजिनांत एकाच मॉडेलला दोन-तीन जाडीच्या पॅकिंग असतात. कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यांच्या संख्येवरून जाडी कळते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ती ठरते. पातळ घातली तर पिस्टन हेडला भिडेल, जाड घातली तर कॉम्प्रेशन कमी आणि सकाळी धूरच धूर.

वसमतकर

हे कुणीच सांगितलं नव्हतं. पिस्टन तेच राहणार, ब्लॉकही घासलेला नाही, म्हणजे जुनीवर जेवढ्या खाचा तेवढ्याच घेऊ ना? आणि टॉर्क रिंच (ठरल्या जोरानं आवळायचा पाना) कुणाकडं आहे का, नांदेड-परभणी बाजूला?

नोझलवाला

आहे माझ्याकडं. रविवारी दुकान बंद, शनिवारी संध्याकाळी या. आधी हेड काढा आणि जुनी पॅकिंग सोबत आणा, खाचा बघून देतो. मात्र या इंजिनात याआधी कुणी हात घातलेला असेल तर ती पॅकिंगही चुकीची असू शकते. डायल गेज देतो, पिस्टन मोजून घ्या. रिंच सोमवारी सकाळी परत पाहिजे, माझं काम अडतं.